गाळप शरीरातले : साखर आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय साखर आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
साखर संकुल, शिवाजीनगर, पुणे.

विषय : उसाच्या फडातले ऊन, तोडणी कामगारांची मूत्रपिंडे आणि गाळप परवान्याच्या अटी.

महोदय,

लघवीला जळजळ होऊ लागली, ती थेंबथेंब होऊ लागली, रंग गडद पिवळा झाला की मराठीत ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. आजाराच्या नावातच त्याचे कारण सांगणारे शब्द भाषेत फार थोडे असतात. हा त्यांपैकी एक. त्यावरचे घरगुती उपायही सर्वांना पाठ असतात : सब्जा, धन्याचे पाणी, ताक. निकाराग्वातल्या उसाच्या मळ्यांत याच तक्रारीला कामगारांचा स्वतःचा शब्द आहे, ‘चिस्ताता’. जळजळीमागे कधी जंतुसंसर्गही असतो. मात्र दिवसभर उन्हात राबणाऱ्या माणसाची लघवी कमी आणि गडद होते तेव्हा मूत्रपिंडे आपले नेमून दिलेले काम चोख करत असतात. ते काम कसे चालते आणि कुठवर निभते, हे उसाचा हंगाम आखणाऱ्या कार्यालयासमोर ठेवणे हा या पत्राचा हेतू.

पंचावन्न किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे 33 लिटर पाणी असते. स्त्रीच्या शरीरात चरबीचा वाटा अधिक असल्याने ते थोडे कमी भरते. यातले दोनतृतीयांश, म्हणजे 22 लिटर, पेशींच्या आत असते. उरलेल्या 11 लिटरपैकी बहुतेक पेशींच्या अवतीभवती झिरपत राहते आणि रक्तवाहिन्यांतून फिरणारा रक्तद्रव जेमतेम अडीच ते तीन लिटर भरतो. हृदयाला ढकलायला जे मिळते ते एवढेच, आणि रक्तदाब टिकतो तोही यावरच. मार्चच्या उन्हात कोयता चालवणाऱ्या, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रक भरणाऱ्या माणसाला तासाला लिटरभर घाम सहज येतो. काहींना दीड-दोन लिटरही येतो. सहा तासांच्या कामाचा हिशेब केला तर घामातून गेलेले पाणी रक्तद्रवाच्या दुपटीला पोहोचते. तरीही बहुतेक माणसे फडात कोसळत नाहीत, कारण घट एकट्या रक्ताला सोसावी लागत नाही. पेशींच्या भोवतालचे आणि आतले पाणी रक्ताकडे ओढले जाते, आणि मूत्रपिंडे बाहेर जाणारी वाट आवळतात.

मूत्रपिंड हे मुठीएवढे, दीडशे ग्रॅमच्या आसपासचे. दोन्ही मिळून शरीराच्या वजनाचा शंभरावा हिस्सासुद्धा नाहीत, पण विश्रांतीच्या वेळी हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा, मिनिटाला लिटरभराहून जास्त रक्त, त्यांच्याकडे जाते. प्रत्येकात सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे केशवाहिन्यांचा एक गुच्छ आणि त्याला जोडलेली लांब, वळणावळणाची नलिका. गुच्छातून रक्तद्रव गाळला जातो; रक्तपेशी आणि प्रथिने मागे राहतात, पाणी, क्षार, साखर आणि युरिया नलिकेत उतरतात. कारखान्याचे गाळप टनांत मोजतात. मूत्रपिंडांचे गाळप दिवसाला 180 लिटर आहे, म्हणजे सगळा रक्तद्रव रोज साठ वेळा गाळून निघतो. त्याबरोबर सुमारे दीड किलो मीठ नलिकांत उतरते. लघवी होते ती मात्र एक-दीड लिटर आणि तिच्यातून जाणारे मीठ काही ग्रॅम. बाकीचे सगळे नलिकेच्या भिंतीतून रक्तात परत घेतले जाते.

आधी सगळे बाहेर काढायचे आणि मग हवे ते परत उचलायचे, ही रीत वरवर उधळपट्टीची दिसते. तिचा फायदा असा की नको असलेला पदार्थ ओळखण्याची गरजच उरत नाही. जे ओळखीचे ते उचलले जाते, उरलेले वाहून जाते. या परत उचलण्यापैकी दोनतृतीयांश काम नलिकेच्या पहिल्याच भागात, फारशा हुकमाविना होते. संप्रेरकांचा अंमल चालतो तो शेवटच्या काही टक्क्यांवर. पण 180 लिटरचा एक टक्का म्हणजे जवळजवळ दोन लिटर, आणि माणसाचे पाण्याचे सगळे दैनंदिन राजकारण या दोन लिटरांतच खेळले जाते.

लघवी घट्ट करण्याची करामत नलिकेच्या मधल्या भागात आहे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ याकोब हेनले यांनी 1862 मध्ये दाखवले की नलिका मूत्रपिंडाच्या गाभ्यात खोलवर उतरते आणि केसात घालायच्या आकड्यासारखी वळून परत वर येते. हे वळण कशासाठी, याचे उत्तर मिळायला ऐंशी वर्षे लागली. वर येणारी बाजू मीठ बाहेर फेकते, पण पाण्याला बाहेर पडू देत नाही. खाली जाणारी बाजू पाण्याला वाट देते. दोन विरुद्ध दिशांचे प्रवाह शेजारीशेजारी वाहत असल्याने प्रत्येक टप्प्यावरची थोडी थोडी तफावत साठत जाते, आणि गाभा जसजसा खोल तसतसा खारट होत जातो. रक्तातील विरघळलेल्या कणांची तीव्रता सुमारे 285 मिलिऑस्मोल असते. माणसाच्या मूत्रपिंडाच्या गाभ्यात ती 1200 पर्यंत चढते. शेवटची संग्राहक नलिका याच खारट गाभ्यातून खाली उतरते. तिच्या भिंतीने पाण्याला वाट दिली की पाणी आपणहून मिठाकडे ओढले जाते आणि आत उरते ती घट्ट, गडद लघवी.

माणसाची मर्यादाही इथेच ठरते. अन्न आणि चयापचय यांतून रोज सुमारे 600 मिलिऑस्मोल कचरा बाहेर टाकावा लागतो. लघवी 1200 पेक्षा घट्ट होत नाही. म्हणजे पाण्याचा थेंबही प्यायला मिळाला नाही तरी दिवसाला अर्धा लिटर लघवी जाणारच. वाळवंटातील कांगारू उंदीर याच्या चौपटीहून घट्ट लघवी करतो आणि पाणी न पिता जगू शकतो. ऊसतोड कामगाराला ती सोय नाही. मूत्रपिंड पाणी वाचवते, ते तयार करत नाही. फडावर टाकी नसेल तर शरीरातले कोणतेही संप्रेरक ती भरून काढू शकत नाही, आणि या पत्रातले बाकी सारे या एका गोष्टीच्या अनुषंगाने आहे.

संग्राहक नलिकेची वाट उघडण्याचा हुकूम मेंदूतून येतो. केंब्रिजचे अर्नेस्ट व्हर्नी यांनी कुत्र्यांच्या मानेतील रोहिणीत मिठाचे तीव्र द्रावण सोडले, तेव्हा थोड्याच वेळात लघवीचा प्रवाह मंदावला. मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा खारटपणा मोजणारी काही यंत्रणा आतच असली पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी 1947 मध्ये मांडला. ती हायपोथॅलॅमसमध्ये आहे. तीव्रता एक-दोन टक्क्यांनी जरी वाढली तरी तिथल्या पेशी आक्रसतात आणि पियुषिका ग्रंथीच्या मागच्या भागातून व्हॅसोप्रेसिन रक्तात सुटते. नऊ अमिनो आम्लांचा हा छोटासा रेणू. संग्राहक नलिकेच्या पेशींवर तो पोहोचला की पेशींच्या आत पुड्या बांधून ठेवलेल्या पाण्याच्या वाहिन्या पृष्ठभागावर येऊन बसतात. पीटर ॲग्रे यांनी अशा वाहिन्यांचे पहिले प्रथिन ओळखले आणि 2003 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. व्हॅसोप्रेसिन ओसरले की वाहिन्या पुन्हा आत ओढल्या जातात. हा सगळा खेळ मिनिटांचा आहे. त्याच सुमारास, तीव्रता थोडी अधिक चढली की, तहान लागते. तहानेची घंटा थोडी उशिरा वाजते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. तहान लागेपर्यंत मूत्रपिंडांनी आपल्या परीने बचत सुरू केलेली असते. दारू हेच संप्रेरक रोखते. म्हणून रात्री कोपीवर, म्हणजे झोपडीत, घेतलेली दारू तहान भागल्यासारखी वाटते आणि पहाटेपर्यंत शरीरातले आणखी पाणी काढून नेते.

व्हॅसोप्रेसिन पाहते ते मुख्यतः रक्त किती खारट झाले हे. रक्त एकूण किती आहे, याचा हिशेब वेगळ्या वहीत लिहिला जातो, आणि ती वही मिठाची आहे. पेशींबाहेरच्या पाण्यातला मुख्य क्षार सोडियम. तो जितका शरीरात राहील तितके पाणी त्याच्यासोबत राहते. पाणी भरपूर आणि मीठ कमी असेल तर प्यालेले पाणी लघवीवाटे निघून जाते किंवा पेशींत शिरून त्यांना फुगवते. घाम येऊन येऊन दमलेल्या माणसाने नुसते पाणी लिटरच्या लिटर ढोसले तर रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डोके दुखणे, मळमळ, गोंधळ आणि टोकाला झटके. घामातून लिटरमागे एक ते साडेतीन ग्रॅम मीठ जाते. पाण्याबरोबर तेही भरून द्यावे लागते.

या दुसऱ्या वहीचा शोध मूत्रपिंडातच लागला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टिगेरस्टेट आणि त्यांचे विद्यार्थी पेर बेर्गमन यांनी सशांच्या मूत्रपिंडांचा अर्क दुसऱ्या सशांच्या शिरेत सोडला, तेव्हा रक्तदाब चढला. अर्कातील द्रव्याला त्यांनी ‘रेनिन’ म्हटले. हे 1898 सालचे. टिगेरस्टेट लवकरच हेलसिंकीला गेले, विषय मागे पडला आणि तीसेक वर्षे तो जवळपास कुणी हातात घेतला नाही. मग 1934 मध्ये क्लीव्हलंडचे हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या रोहिण्यांना चांदीचे चिमटे लावून त्या अरुंद केल्या. कुत्र्यांचा रक्तदाब चढला आणि चढलेलाच राहिला. मूत्रपिंडाला रक्त कमी पडले की ते सगळ्या शरीराचा रक्तदाब वाढवून घेते, हे त्यातून उघड झाले. रेनिनपासून तयार होणारे प्रत्यक्ष दाब वाढवणारे द्रव्य ब्वेनोस आयरेस आणि इंडियानापोलिस इथल्या दोन गटांनी एकाच सुमारास शोधले आणि त्याला दोन नावे ठेवली. वीसेक वर्षांच्या वादानंतर 1958 मध्ये दोन्ही नावांचे तुकडे जोडून ‘अँजिओटेन्सिन’ हे नाव ठरले. विज्ञानातही तडजोडीचे ठराव होतात.

साखळी अशी चालते. रक्तगुच्छाच्या तोंडाशी, रक्त आत आणणाऱ्या बारीक रोहिणीच्या भिंतीत, रेनिन साठवणाऱ्या पेशी असतात. भिंतीवरचा ताण घटला, नलिकेत पुढे पोहोचणारे मीठ कमी झाले किंवा मज्जातंतूंकडून संकटाचा संदेश आला, की त्या रेनिन सोडतात. उन्हात कष्टणाऱ्या माणसात या तिन्ही गोष्टी एकदमच घडतात : रक्त कातडीकडे आणि स्नायूंकडे वळलेले असते, घामाने साठा घटलेला असतो आणि मूत्रपिंडांकडचा प्रवाह आवळलेला असतो. रेनिन यकृतातून आलेल्या एका प्रथिनाचा तुकडा पाडते. त्या तुकड्यावर मुख्यतः फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत आणखी एकदा कात्री चालते आणि अँजिओटेन्सिन दोन तयार होते. ते बारीक रोहिण्या आवळते, त्यामुळे दाब लगेच सावरतो. ते तहान वाढवते, व्हॅसोप्रेसिनला बळ देते आणि मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना अल्डोस्टेरॉन सोडायला लावते. अल्डोस्टेरॉन 1953 मध्ये लंडनमध्ये सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट यांच्या कामातून वेगळे काढले गेले. ते नलिकेच्या शेवटच्या भागात सोडियम परत उचलायला लावते आणि बदल्यात पोटॅशियम बाहेर टाकते. त्याचा परिणाम दिसायला तासभर तरी लागतो, कारण त्याला पेशीकडून नवी प्रथिने घडवून घ्यावी लागतात.

अल्डोस्टेरॉन घामाच्या ग्रंथींवरही काम करते, आणि फडाच्या दृष्टीने ही फार महत्त्वाची बाब आहे. उन्हाची सवय झालेल्या माणसाचा घाम लवकर सुटतो आणि कमी खारट असतो. जाणारे मीठ त्याच्या ग्रंथी परत ओढून घेतात. ही सवय अंगी बाणायला एक ते दोन आठवडे जातात आणि आठवडाभर घरी बसले की उतरू लागते. टोळीत उशिराने दाखल झालेला किंवा तापातून उठून परत कोयता हातात घेतलेला माणूस पहिल्याच दिवशी इतरांच्या जोडीने तोडू लागला, तर त्याच्या अंगात ही तयारी नसते. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्था नव्या कामगाराला पहिल्या दिवशी उन्हातल्या कामाचा पाचवाच हिस्सा द्यावा आणि तो रोज तेवढाच वाढवत न्यावा, असे सांगते. आपल्याकडे उचल फेडायची असते आणि खाड्याचे पैसे कापले जातात. टनावर मजुरी मिळणाऱ्या माणसाला हळूहळू कामाला लागण्याची मुभा कोण देणार, हा प्रश्न वैद्यकाचा नाही.

साठा वाढला तर उलटी यंत्रणाही आहे. हृदयाच्या कर्णिका ताणल्या की त्यांच्यातून एक संप्रेरक सुटते आणि ते मूत्रपिंडांना मीठ सोडून द्यायला लावते. कॅनडातील अडोल्फो दे बोल्ड यांनी 1981 मध्ये ते उंदरांच्या कर्णिकांच्या अर्कातून दाखवले. शिवाय दाब वाढला की मूत्रपिंडे आपणहूनच अधिक मीठ आणि पाणी सोडतात. मिसिसिपीचे आर्थर गायटन यांनी दीर्घ मुदतीच्या रक्तदाबाचा अंतिम शब्द यामुळेच मूत्रपिंडांच्या हाती आहे, असे आयुष्यभर प्रतिपादले. मानेतल्या आणि महारोहिणीतल्या ताणसंवेदक पेशी काही सेकंदांत हृदयाचा वेग बदलतात. उभे राहताना चक्कर येत नाही ती त्यांच्यामुळे. संप्रेरके मिनिटांत आणि तासांत काम करतात. पण आठवड्यांच्या आणि वर्षांच्या मापाने दाब कुठे स्थिरावेल हे मूत्रपिंडे किती दाबाला रोजचे मीठ बाहेर टाकू शकतात यावर ठरते. ती खराब झाली की तेवढेच मीठ टाकायला जास्त दाब लागतो, वाढलेला दाब उरलेल्या नेफ्रॉनना आणखी झिजवतो, आणि चक्र सुरू होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खायला सांगते ते याचसाठी. तोच सल्ला जसाच्या तसा फडातल्या माणसाला देता येत नाही. त्याच्या घामाचा हिशेब निराळा आहे.

आता या बचतीची किंमत. पाणी घटलेल्या शरीरात मूत्रपिंडांकडे येणारे रक्त कमी होते, तरी गाळण चालू ठेवावी लागते. त्यासाठी दोन तजविजी असतात. गुच्छातून रक्त बाहेर नेणारी वाहिनी अँजिओटेन्सिन आवळते, म्हणजे आतला दाब टिकतो. आणि रक्त आत आणणारी वाहिनी प्रोस्टाग्लँडिन नावाची स्थानिक द्रव्ये मोकळी ठेवतात. जाण्याचे दार ओढून घ्यायचे आणि येण्याचे उघडे ठेवायचे, अशी ही तारेवरची कसरत. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याचा मार्गच बंद करतात. भरपूर पाणी प्यालेल्या धडधाकट माणसाला त्याचा क्वचितच त्रास होतो. दिवसभर घाम गाळलेल्या माणसाने पाठ आणि खांदे दुखतात म्हणून रोज संध्याकाळी अशी गोळी घेतली, तर गाळणीचा दाब कोसळू शकतो. दुकानात स्वस्तात मिळणारी अंगदुखीची गोळी उन्हाळ्यात फडावर दिली जाते तेव्हा ती कशाच्या आड येते, हे देणाऱ्याला ठाऊक नसते.

रक्तदाबाच्या काही औषधांचीही हीच गोष्ट आहे. ब्राझीलच्या जराराका या विषारी सापाच्या विषात सेर्जियो फेरेइरा यांना 1965 मध्ये सापडलेल्या द्रव्यांपासून संशोधनाची वाट फुटली आणि अँजिओटेन्सिनची ती दुसरी कात्री थांबवणारे कॅप्टोप्रिल तयार झाले. या वंशाची औषधे आज लाखो माणसांचे हृदय आणि मूत्रपिंड वाचवतात. पण ती घेणारा माणूस उन्हात पाण्याविना राबत असेल तर शरीराची मुख्य आणीबाणीची यंत्रणा अडवलेली असते. म्हणून टोळीतल्या रक्तदाबाच्या रुग्णाला फडावरची गोळी कुणी मनाने बंद करू नये आणि मनाने वाढवूही नये. हंगामाला निघण्यापूर्वी डॉक्टरांनी त्याला कामाचे स्वरूप विचारून औषध कसे घ्यायचे ते सांगितले पाहिजे.

एखाद्या दिवशी गाळण मंदावली तर पाणी आणि विश्रांती मिळाल्यावर ती सावरते. प्रश्न येतो तो हे रोज, सहा महिने, वर्षानुवर्षे घडले तर. एल साल्वादोरच्या राजधानीतील रोसालेस रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2002 मध्ये लिहिले की मूत्रपिंडे निकामी होऊन येणाऱ्या त्यांच्या अनेक रुग्णांना मधुमेह नव्हता, आधीचा उच्च रक्तदाबही नव्हता. ते बहुतांशी किनारपट्टीच्या सखल प्रदेशातले, शेतात राबणारे पुरुष होते. निकाराग्वातल्या चिचिगाल्पा या ऊसपट्ट्यातील एका वस्तीला इतके तरुण मृत्यू झाल्यावर लोक ‘विधवांचे बेट’ म्हणू लागले. कीटकनाशके, जंतू, धूळ अशा अनेक संशयितांची चौकशी झाली. सध्या सर्वांत ठोस पुरावा जुळतो तो उष्णता, कष्ट आणि पाण्याची वारंवार होणारी तूट यांच्याशी. प्राण्यांवरील प्रयोगांत असेही दिसले की वारंवार तहानलेल्या मूत्रपिंडात साखरेपासून फ्रुक्टोज तयार होऊन नलिकांना इजा होते, आणि तहान गोड शीतपेयांनी भागवली तर इजा वाढते. उसाच्या फडात ही गोष्ट थोडी विचित्र वाटते खरी, पण त्यावरचे उत्तर साधे पाणी आणि मीठ-साखरेचे मोजून केलेले पाणी हेच आहे. आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्याच्या उद्दानम भागातही मधुमेहाशी संबंध नसलेला असाच मूत्रपिंडविकार मोठ्या प्रमाणावर आढळला आहे. तिथले लोक नारळ-काजूच्या बागांत काम करणारे आहेत आणि कारणांचा तपास चालू आहे.

चिचिगाल्पाजवळच्या सान अंतोनियो कारखान्याच्या मळ्यांत पाणी, विश्रांती आणि सावली यांचा कार्यक्रम सुरू झाला. अनुभव असा की पाण्याच्या टाक्या ठेवून काम भागले नाही. सक्तीच्या विश्रांतीचा वेळ वाढवला तेव्हा तोडणी कामगारांच्या मूत्रपिंडांना होणारी इजा घटली. घाम काम करताना अंगात तयार होणाऱ्या उष्णतेमुळेही येतो. स्नायू थांबले की तो ओसरतो आणि मूत्रपिंडांकडचे रक्त परत वळते.

महाराष्ट्राच्या फडात हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. 2021-22 चा हंगाम तर उसाच्या अमाप पिकामुळे जूनपर्यंत लांबला. शेवटचे दोन महिने सर्वांत वाईट. त्यात एक अडचण इथली खास आहे. इथे एक कोयता म्हणजे नवराबायको. उघड्या रानात आडोसा नसतो, म्हणून बायका सकाळपासून पाणी पिण्याचेच टाळतात. व्हॅसोप्रेसिन दिवसभर चढलेले, लघवी घट्ट, मूत्राशयात ती तासन्‌तास अडवलेली, आणि मग उन्हाळी. फडावर फिरते शौचालय ही अनेकांना मूत्रपिंडांशी असंबद्ध मागणी वाटेल. ते असेल तर बाई पाणी पिते. पाण्याची टाकी आणि शौचालय एकाच अटीत लिहायला हवीत ती यामुळे.

मजुरीची रचना आपल्या कार्यालयाच्या एका कलमाने बदलणार नाही, आणि उचलीचा प्रश्न मूत्रपिंडशास्त्र सोडवणार नाही. गाळप परवाना मात्र आपल्या सहीने निघतो. त्याच्या अटींत पुढील गोष्टी लिहिता येतात. तोडणी चालू असलेल्या प्रत्येक फडावर हाकेच्या अंतरावर पिण्याच्या पाण्याची टाकी असावी आणि उन्हात दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी पिण्याचा रिवाज मुकादमाने पाळून घ्यावा. दुपारच्या जेवणानंतर क्षारसंजीवनीची पाकिटे मिळावीत. ती संपली तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. सावलीसाठी जाळीचा मांडव असावा. मार्चपासून बारा ते तीन कोयता थांबावा आणि उरलेल्या वेळात तासाला दहा मिनिटे विश्रांती असावी, तिचा खाडा लागू नये. नव्याने आलेल्या माणसाचे काम आठवडाभरात टप्प्याटप्प्याने वाढवावे. अंगदुखीच्या गोळ्या मुकादमाने वाटू नयेत. आणि लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या मदतीने प्रत्येक कामगाराचा रक्तदाब आणि रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून टाकतात तो कचरा) हंगामाच्या आधी एकदा आणि शेवटी एकदा मोजावे. गाळणशक्ती निम्म्यावर आली तरी एका वेळचे क्रिएटिनिन कधी कधी जवळपास नेहमीसारखेच दिसते. एकाच माणसाच्या दोन आकड्यांची तुलना केली की घसरण वेळेत सापडते, म्हणून दोन तपासण्या.

पुढच्या हंगामाचे परवाने निघण्यापूर्वी या अटींचा मसुदा व्हावा, ही विनंती.

कळावे.